मागचं लई शहाणं हाय

गाडीच्या डिक्कीत सामान कसं साचतं ते तुम्हाला माहीत आहे. एक जुना पाना, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली सुतळी, कुणाच्या तरी लग्नात मिळालेली पिशवी. कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण काढून टाकायचा धीर होत नाही. वाळूजच्या नोकरीतले किस्से माझ्याजवळ असेच साचले आहेत. चार जुने लोक भेटले की डिक्की उघडते, आणि मग घरच्यांचे फोन येईपर्यंत ती काही बंद होत नाही!

आमची कंपनी गाड्यांचं सस्पेन्शन बनवायची. पुढच्या चाकांचा सेक्शन मेन गेटाजवळ, काचेच्या ऑफिसात. मागच्या चाकांचा, म्हणजे आमचा, पार कुंपणाला लागून पत्र्याच्या शेडमध्ये. त्यामुळे सगळी कंपनी त्यांना 'पुढचे' म्हणायची आणि आम्हाला 'मागचे'. पाहुणे यायचे, पुढच्यांकडे चहा-बिस्किटं खायचे आणि तिथूनच परत जायचे. आमच्यापर्यंत फक्त कपबशांचा आवाज यायचा.

आमचं काम सांगायला सोपं आहे. मागची दोन चाकं जोडणारा जो जाड दांडा असतो तो एक्सल. खड्डा आला की त्याला वरखाली होऊ द्यायचं, पण पुढंमागं किंवा आजूबाजूला सरकू द्यायचं नाही. त्यासाठी दोन लांब आर्म त्याला पुढून धरून ठेवतात आणि एक आडवी दांडी बाजूनं. बस्स! थोडक्यात, एक्सलला जावयासारखं वागवायचं. मान हलवू द्यायची, घर हलवू द्यायचं नाही.

हे मी कॉलेजात समीकरणं सोडवून शिकले होते. समजलं मात्र कडूबाकडून.

*

कडूबा शेंद्र्याकडच्या शेतकरी घरातला. दहावी नापास, टेम्पररी ड्रायव्हर. शेडच्या मागं मोकळं मैदान होतं, त्यावर चुन्याच्या फक्कीनं एक मोठा गोल आखलेला. आम्ही नवे पार्ट गाडीला बसवायचो आणि कडूबा ती गाडी दिवसभर त्या गोलावरून फिरवायचा. गाडी कशी वळते, कुठं बिचकते, ते संध्याकाळी कागदावर लिहून द्यायचा. "ज्यानं चालवली त्यानंच लिहायचं, आणि त्यानं लिहिलेला शब्द कुणी बदलायचा नाही," असा आमच्या साहेबांचा, म्हणजे सहस्रबुद्धे सरांचा, कडक नियम होता.

पहिल्याच दिवशी मी वही घेऊन मागच्या सीटवर बसले. कडूबा तीनदा म्हणाला, "मॅडम, वहीत बघू नका. खिडकीकडं वळून बसा, नायतर मळमळंल." मी नवी इंजिनिअर, मी कशाला ऐकते! वहीतून मान वर काढली नाही. व्हायचं ते झालं, आणि उरलेला दिवस मी लिंबू चोखत काढला.

संध्याकाळी सरांनी कडूबाचा रिपोर्ट वाचला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. लिहिलं होतं, "मागचं लई शहाणं हाय. सांगितल्याबगर वळतंय."

सरांनी त्याला बोलावलं. मीही तिथंच उभी. "कडूबा, मागच्या सीटवर कुलकर्णी मॅडम होत्या. त्यांच्याबद्दल असं लिहितात?"

कडूबा घाबरून म्हणाला, "मॅडमबद्दल नाय ओ साहेब, चाकाबद्दल! मागचं चाक सांगितल्याबगर वळतंय. मॅडम तर सांगूनबी वळत नाय!"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

राग ओसरल्यावर मी गाडीखाली शिरले आणि मोजायला लागले. गाडी वळणावर एका अंगाला कलली की एका बाजूचा आर्म वर जातो, दुसऱ्या बाजूचा खाली. आमच्या आर्मचा पुढचा बिजागर जरा उंच बसला होता, त्यामुळे बाहेरचं चाक किंचित मागं सरकायचं, आतलं किंचित पुढं. एक्सल तिरका व्हायचा आणि स्टिअरिंग न फिरवता मागची चाकं स्वतःच वळायची. गाडीचं बूड बाहेर फेकलं जायचं. पुस्तकात याला चार ओळींचं नाव आहे. कडूबानं एका शब्दात सांगितलं होतं!

*

आता गंमत अशी, की आमचे रिपोर्ट पुण्याच्या हेड ऑफिसला इंग्रजीतून जायचे. आणि सर पडले तत्त्वाचे. ड्रायव्हरचा शब्द बदलायचा नाही म्हणजे नाही. त्यांनी शब्दकोश काढला आणि स्वच्छ टाइप करून पाठवलं, "रिअर एंड इज टू वाइज."

दोन दिवसांनी पुण्याहून फॅक्स आला. तिकडं आमचा रिपोर्ट कुणी वाचला, काय समजला, देव जाणे. फॅक्समध्ये एकच ओळ होती, "प्लीज रिड्यूस विझ्डम बाय हाफ."

आमचे फिटर रऊफचाचा शेजारीच आर्मच्या टोकाला रबरी बुश बसवत होते. चाचा जुन्या शहरातले, पन्नाशीचे, आधी ट्रकचे पाटे दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य घालवलेले. त्यांनी विचारलं, "क्या बोलते पूनेवाले?"

मी सांगितलं, "म्हणतात, बुद्धी निम्म्यावर आणा."

चाचांनी हातातला हातोडा खाली ठेवला. मनातल्या मनात हिशोब केला. मग सरांकडं बघून अगदी अदबीनं म्हणाले, "तो आजसे साब पाचशेबुद्धे?"

दुसऱ्या दिवशी सरांच्या दारावर कुणीतरी खडूनं ते लिहूनच ठेवलं. सरांनी ते पुसू दिलं नाही. दिवाळीत शेडला रंग दिला तेव्हाही रंगाऱ्याला सांगितलं, "तेवढं सोडून." अशा माणसाच्या हाताखाली मी उमेदवारी केली आहे, हे मी आजही छाती फुगवून सांगते.

*

दुसऱ्या गाडीत बिजागर खाली घेतला आणि बराच शहाणपणा गेला. पण कडूबाचा दुसरा रिपोर्ट आला, "एका अंगानं अजून शहाणंच हाय."

पुण्याहून चाकांची रेषा तपासायचं नवंकोरं मशीन आलं. बरोबर टाय लावलेले दोन इंजिनिअर. त्यांनी गाडी वर चढवली, वायरी जोडल्या आणि सांगितलं, "एक्सल एकदम सरळ. प्रॉब्लेम ड्रायव्हरमध्ये आहे."

कडूबाचं तोंड एवढंसं झालं. टेम्पररी माणसाच्या कागदावर असलं एक वाक्य पडलं की संपलं.

रऊफचाचा पुढं झाले. खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणला, उकिडवे बसले आणि एक डोळा मिटला. "दो सूत टेढ़ा हय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टायवाले हसले. "चाचा, आमचं मशीन केसाची जाडी मोजतं. तुम्ही दोऱ्यानं मोजता?"

चाचांनी बेअरिंगमधला एक छर्रा काढून मशीनखालच्या फरशीवर ठेवला. कुणी हात लावला नाही, फुंकर मारली नाही. छर्रा आपला आपण गडगडत निघाला आणि थेट कोपऱ्यातल्या पिंपाला जाऊन टणकन् आपटला.

चाचा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "मशीन सच्ची हय साब. फर्श झूठा हय."

एक्सल उतरवला तेव्हा एका आर्मचं वेल्डिंग बरोबर दोन सूत सरकलेलं निघालं. आणि तो आर्म वेल्ड झाला होता कुठं? पुढच्यांच्या काचेच्या ऑफिसामागं! त्या दिवशी चहा-बिस्किटं पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये आली. चाचांच्या रिळातला हातभर दोरा मी मागून घेतला, तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

*

याच सुमाराला कडूबाचं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील नामदेवमामा शेंद्र्याच्या पलीकडचे. स्वभावानं चांगले, पण अट एकच. पोरगा परमनंट झाला की तारीख धरायची. वाळूजला तेव्हा पत्रिकेत मंगळ चालायचा, टेम्पररी चालायचा नाही.

एका दुपारी मामा कुणाला न सांगता जावयाचं काम बघायला आले. मागच्या गेटावर वॉचमन होता. मामांनी विचारलं, "आमचा कडूबा काय काम करतो?"

वॉचमननं मैदानाकडं बोट दाखवलं. "ते काय. गाडी गोल गोल फिरवतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आन् पोचतो कुठं?"

"कुठंच नाय. परत इथंच."

मामा कुंपणाला धरून अर्धा तास उभे राहिले. खरंच गाडी निघत होती आणि परत तिथंच येत होती. शेवटी म्हणाले, "म्हंजे घाण्याचा बैल! मी पोरगी माणसाला देतोय." आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले.

तिसऱ्या दिवशी त्याचा रिपोर्ट आला, "गाडी ठीक हाय. डायवर ठीक नाय." सरांनी तो पुण्याला पाठवला नाही. त्यांच्या नोकरीत नियम मोडलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

मला फार वाईट वाटलं. जो माणूस मागच्या चाकाच्या मनातलं ओळखतो, त्याला सासऱ्याला स्वतःचं काम समजावून सांगता येईना!

*

तोवर पुण्यातल्या एका बड्या तज्ज्ञांच्या कानावर गेलं होतं, की औरंगाबादला कुणी एक ड्रायव्हर आहे आणि तो रिपोर्टात भलतेच शब्द लिहितो. (हो, तेव्हा पत्त्यात आम्ही औरंगाबादच लिहायचो.) ते स्वतः बघायला आले. आम्ही वाळूची पोती गाडीत टाकली आणि रस्त्यावरच्या टेस्टसाठी फर्दापूरकडं निघालो. अजिंठ्याचा घाट म्हणजे आमची खरी प्रयोगशाळा. कडूबा चालवतोय, शेजारी तज्ज्ञ, मागं पोत्यांबरोबर मी. यावेळी खिडकीकडं वळून बसलेली!

घाट उतरताना कडूबा म्हणाला, "कंबर लचकती. उजवीकडं वळताना. डावीकडं नाय."

तज्ज्ञ म्हणाले, "असं कसं होईल? पार्ट तेच, एक्सल तोच. लचकेल तर दोन्हीकडं लचकेल."

कडूबानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "आमची एक बैलजोडी अशीच होती साहेब. घराकडं बरोबर वळायची. शेताकडं नाय!"

फर्दापूरला चहाच्या टपरीमागं गाडी लावून मी खाली शिरले. एक्सलला बाजूनं धरणारी आडवी दांडी, तिच्या टोकाचा रबरी बुश एकाच अंगानं चिरलेला होता. दांडी एकीकडं ताण घेत होती आणि दुसरीकडं सैल पडत होती. मी तो बुश काढून तज्ज्ञांच्या हातावर ठेवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला. मग वही काढली आणि कडूबाला म्हणाले, "तो तुमचा पहिला शब्द कोणता? सांगा, लिहून घेतो."

"शहाणपणा, साहेब."

त्यांनी तो लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. डिग्री हातात आली तेव्हासुद्धा मला इतका अभिमान वाटला नव्हता, खोटं कशाला बोलू!

*

मग आला परमनंटचा इंटरव्ह्यू. टेबलामागं पुण्याचे तिघं, त्यात हे तज्ज्ञही. सेक्शनतर्फे मी कोपऱ्यात बसलेली. कडूबा इस्त्रीच्या शर्टात, कपाळाला बुक्का.

एका साहेबांनी इंग्रजीतून विचारलं, रिअर सस्पेन्शनचं काम काय? मी मराठीत सांगितलं. इथं 'नाही' झालं तर नोकरीही जाणार होती आणि मुलगीही.

कडूबा म्हणाला, "मागच्यानं पुढच्याच्या मागं यायचं साहेब. वरखाली कितीबी व्हावं. पर शहाणं व्हायचं नाय."

तज्ज्ञांनी टेबलावर थाप मारली. "या विषयावर माझं अख्खं व्याख्यान आहे. ते आता एका वाक्याचं करावं लागणार!"

कडूबा परमनंट झाला. आणि नुसता तोच नाही. पुण्याहून रिपोर्टचे नवे फॉर्म छापून आले, त्यात खाली एक रकाना होता, "शहाणपणा: आहे / नाही." आमच्या पत्र्याच्या शेडमधला शब्द, हेड ऑफिसच्या छापील कागदावर! चाचांनी सगळ्या सेक्शनला नान आणि मटणाचा रस्सा खिलवला. माझ्यासाठी वेगळं वांग्याचं भरीत आणलं होतं.

कडूबा पेढे आणि ऑर्डर घेऊन मामांकडं गेला. मामांनी विचारलं, "परमनंट म्हंजे नेमकं काय रं?"

"कायमचं, मामा."

"म्हंजे आता जन्मभर तिथंच गोल गोल!"

मामांनी पेढा खाल्ला आणि ऑर्डर परत दिली.

*

कंपनीत वर्षातून एकदा घरच्यांना आत येऊ द्यायचे. फॅमिली डे. मामांना आमंत्रण द्यायला रऊफचाचा स्वतः बसनं गेले. मामा म्हणाले, मी काही त्याची फॅमिली नाय. चाचा म्हणाले, "मैं भी नहीं हूँ. फिर भी आया ना?" मामांनी खुंटीवरची टोपी उचलली.

मैदानावर सरांनी दोन गाड्या उभ्या करायला लावल्या होत्या. एक जुनी, पहिल्या दिवशीची, उंच बिजागराची 'शहाणी'. नव्या पोरांना शिकवायला म्हणून आम्ही ती तशीच ठेवली होती. दुसरी नवी, चाचांच्या दोऱ्यानं आणि कडूबाच्या शब्दांनी सरळ केलेली. कडूबा स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी. मागं एकटे मामा, पट्टा बांधून, टोपी सावरत. सेफ्टीवाल्यांनी दोन्ही गाड्यांना एकच स्पीड ठरवून दिला होता.

शहाणी गाडी गोलावर निघाली. मामांनी सवयीनं तंबाखूची पुडी काढली, हातावर चिमूट घेतली, चुना लावला आणि मळायला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीला मागचं बूड सटकलं. मामा सैल पट्ट्यासकट एका दाराकडून निम्म्या सीटपर्यंत आले. तंबाखू धोतरावर, सीटवर, माझ्या खांद्यावर! मामा कडाडले, "हे बग! म्हनून म्हनतो नाय!"

कडूबानं गाडी थांबवली, उतरला, आणि दुसऱ्या गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिला. मामा जायला तयार नव्हते. चाचांनी पुढं होऊन त्यांचा हात धरला. "बैठो मियाँ. एक बार और."

नवी गाडी निघाली. तोच गोल, तोच स्पीड. एक फेरी झाली. मामा दाराचा दांडा घट्ट धरून. दुसरी फेरी झाली. त्यांनी दांडा सोडला. तिसऱ्या फेरीला मागून पुडीचा कागद वाजला. मग मळण्याचा बारीक आवाज. कडूबाचे कान लाल झाले होते, पण हात स्टिअरिंगवर अगदी शांत. मग तळव्यावर दोन थापा, नेहमीसारख्या निवांत.

मी सांगितल्याबगर वळून मागं बघितलं. मामांनी चिमूट उचलून गालात ठेवली होती आणि ते रिकाम्या तळव्याकडं बघत होते. मग सीटकडं. मग धोतराकडं. कुठं एक कण सांडला नव्हता.

गाडी निघाली तिथंच येऊन थांबली. कडूबानं इंजिन बंद केलं. सर, चाचा, पुढचे, मागचे, सगळे गाडीभोवती जमले.

मागच्या गेटावरचा तोच वॉचमन पुढं आला. त्यानं दार उघडलं आणि खोडसाळपणे विचारलं, "काय मामा? पोचले का कुठं?"

मामा सावकाश उतरले. टोपी नीट केली. मागच्या चाकावर वाकून पत्र्याला बैलाच्या पाठीवर मारावी तशी एक थाप मारली. मग गालातली तंबाखू एका बाजूला सारून वॉचमनला म्हणाले,

"मी हाय तिथंच हाय रं बाबा. पर जावई पोचलेला हाय!"